मिरचीच्या पथारीसाठी घडीचं छप्पर : प्रकल्प नोंदी

१० ऑक्टोबर, धुळे

विषय मंजूर झाला: ओरिगामीच्या घड्या वापरून पथारीवर उघडता-मिटता येईल असं छप्पर. सही करता करता सरांनी विचारलं, "ताडपत्री असताना हे कशाला?" उत्तर लेखी द्यायचंय, म्हणून आधी इथेच लिहून काढते.

नंदुरबारच्या बाजार समितीत ओली लाल मिरची येते. व्यापारी ती घेतात आणि शहराबाहेर मोकळ्या जमिनीवर पसरून वाळवतात. तीच पथारी. माझे मामा अशाच एका पथारीवर मुकादम आहेत. हंगाम दिवाळीच्या आगेमागे लागतो आणि थंडीभर चालतो. अवकाळी पावसाचे दिवसही नेमके तेच. भिजलेली मिरची आधी रंग सोडते, मग बुरशी धरते, आणि मग तिला कोणी भाव विचारत नाही.

ताडपत्रीबद्दल मामांच्या तक्रारी अशा: ती मालाला चिकटून बसते, आत वाफ धरते आणि सकाळी खालची मिरची काळपट निघते. खोलगट जागी पाणी साचतं, आणि ताडपत्री ओढताना तेच पाणी मिरचीवर सांडतं. वारा असला तर टोकं धरायला पाच-सहा जण लागतात. पाऊस येतो रात्री, तेव्हा पथारीवर असतात राखणदार आणि त्याचं कुत्रं.

त्यामुळे छपराकडून अपेक्षा एवढ्याच: दोघांना उघडता यावं, मालाला टेकू नये, हवा खेळती राहावी, मिटल्यावर शेडच्या कोपऱ्यात मावावं. खर्चाचं नंतर बघू.

१८ ऑक्टोबर

वाचन. ओरिगामी आणि इंजिनिअरिंग म्हटलं की सगळे आधी मिउरा घडीपाशी जातात, आम्हीही गेलो. कोर्यो मिउरा हे जपानी शास्त्रज्ञ. मोठी पातळ पॅनेलं यानाच्या पोटात कशी मावतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. मार्च १९९५ मध्ये जपानने सोडलेल्या 'स्पेस फ्लायर युनिट' या उपग्रहावर ही घडी अवकाशात उघडून पाहिली गेली. जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर यानाने तो उपग्रह परत खाली आणला.

कागद समांतरभुज चौकोनांत विभागलेला असतो. एका दिशेच्या रेषा सरळ, दुसऱ्या दिशेच्या नागमोडी. एक अख्खी नागमोडी रेषा डोंगरघडी (कणा वर), तिच्या शेजारची अख्खी दरीघडी (कणा खाली). सरळ रेषेवर मात्र प्रत्येक तुकड्याला डोंगर आणि दरी आलटून पालटून. प्रत्येक शिरोबिंदूत चार रेषा मिळतात: तीन एका जातीच्या, एक दुसऱ्या जातीची.

ही तीनास एक वाटणी मनाला येईल तशी नाही. सपाट मिटणाऱ्या कुठल्याही शिरोबिंदूत डोंगर आणि दरी यांच्या संख्येत नेमका दोनाचा फरक असावाच लागतो, हा माएकावा यांचा नियम. कावासाकी यांचा नियम कोनांचा: एक सोडून एक कोन घेतले की बेरीज १८० अंश. आमच्या रचनेत ७५, १०५, १०५, ७५ असे कोन आहेत. ७५ अधिक १०५, जमलं.

जाता जाता: १८९३ मध्ये मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात त्यांचं नावही नाही. अहवालाच्या पहिल्या पानावर ते घालणार, सर काहीही म्हणोत.

२४ ऑक्टोबर

अमांडा घासाई यांचा ओरिगामी सिम्युलेटर ब्राउझरमध्ये चालतो, पैसे लागत नाहीत. डोंगरघड्या लाल, दरीघड्या निळ्या काढून फाइल दिली की पडद्यावर आकृती मिटते, आणि कागद कुठे ताणला जातोय ते रंगाने दिसतं. आमच्या तिघांच्या गटात हाका गावाच्या नावाने मारतात. त्यातली यावलवाली रात्रभर त्यावर बसून होती.

कोनाचा हिशोब तिनेच लावला. नागमोडी रेषेचा सरळ रेषेशी कोन ९० च्या जितका जवळ, तितकी मिटलेली घडी आटोपशीर. पण नेमके ९० झाले की उरतो साधा नकाशा: आधी एकीकडून उघडा, मग दुसरीकडून. कोन कमी केला तर एका टोकाला ओढल्यावर सगळी घडी एकदम उघडते, मात्र मिटल्यावर पॅनेलं एकमेकांवर नीट न बसता सरकत जातात आणि गठ्ठा पसरट होतो. म्हणून ७५.

छपराच्या दृष्टीने एक गोष्ट फार सोयीची आहे. अर्धवट उघडलेल्या मिउरात प्रत्येक नागमोडी दरीरेषा एकाच पातळीवर राहते, म्हणजे ती आयती पन्हळ. छप्पर त्या दिशेने थोडं कलतं ठेवलं की पाणी वळणं घेत बाहेर पडेल.

२ नोव्हेंबर

दिवाळी. प्रकल्पाला सुट्टी. घरी भरीत.

८ नोव्हेंबर, धुळे

कागद संपला, जाडी सुरू झाली.

फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे मिळतो तो पन्हळी प्लॅस्टिकचा सनपॅक, ५ मिमीचा, आग्रा रोडवरून आणला. हलका आहे, पाण्याला दाद देत नाही, कटरने कापला जातो. अमळनेरवाल्याने संध्याकाळीच एक तुकडा घडी घालून दाखवला: आतल्या नळ्यांच्या दिशेने सुरेख वाकतो, आडवा मात्र नळ्या चिरडून कसाबसा. आणि आमच्या नागमोडी रेषा नळ्यांना तिरक्याच जाणार.

मूळ अडचण त्याहून खोल आहे. ओरिगामीचे सगळे नियम जाडी शून्य धरतात. ५ मिमीची दोन पॅनेलं समोरासमोर मिटायची तर बिजागरी पॅनेलच्या एका पृष्ठावर सरकवावी लागते. शिरोबिंदूपाशी चारही बिजागऱ्या वेगवेगळ्या पातळीवर गेल्या की त्या एका बिंदूत मिळत नाहीत आणि घडी अडकते. यावर उपाय आहेत. तोमोहिरो ताची यांनी पॅनेलच्या कडा निमुळत्या तासायची पद्धत दिली. यान चेन, रुई पेंग आणि झोंग यू यांनी २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये जाड पॅनेलांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला: शिरोबिंदूला एका बिंदूत आणायचा हट्टच सोडला आणि बिजागऱ्यांमधली अंतरं मोजून अशी ठेवली की सांगाडा यंत्रासारखा एकाच हालचालीत फिरतो. वाचताना मजा आली. पण आमच्या वर्कशॉपमध्ये तेवढ्या अचूक बिजागऱ्या बसवणं परवडणार नाही.

तिसरी वाट आम्हाला झेपेल अशी. रॉबर्ट लँग, ब्रिगम यंग विद्यापीठ आणि नासाची जेपीएल प्रयोगशाळा यांनी २०१३ मध्ये घडीच्या सौर पॅनेलचा आराखडा मांडला: मिटल्यावर २.७ मीटर, उघडल्यावर २५ मीटर. जाडी सांभाळायला कडक पॅनेलं एका लवचीक पडद्यावर फटी सोडून बसवायची, हीच त्यांची युक्ती. फट किती, ते जाडी सांगते: पॅनेलं ज्या घडीत आतल्या बाजूला येतात तिथे निदान दुप्पट जाडी, म्हणजे आमच्याकडे १० मिमी.

पडदा म्हणजे काय, तर ताडपत्री. मामांना सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ हसले.

१५ नोव्हेंबर

पॅनेलं ताडपत्रीला चिकटवणं जमत नाही. सनपॅक पॉलिप्रॉपिलिनचा, त्याला कुठलाच गोंद धरत नाही. शिवण घातली तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी. तोडगा पाचकंदीलच्या एका ताडपत्रीवाल्याने सुचवला: ताडपत्रीचे दोन थर, मशीनवर गरम सीलिंग करून त्यांचे कप्पे, आणि कप्प्यात पॅनेल सरकवायचं. सीलिंगची पट्टी हीच बिजागरी. वरचा थर अखंड राहतो, भोक कुठेच नाही.

हे फार महत्त्वाचं. मिउरातला प्रत्येक शिरोबिंदू कुठल्या ना कुठल्या नागमोडी रेषेवर असतो, म्हणजे जवळपास निम्मे शिरोबिंदू थेट पन्हळीत. नुसता सनपॅक वाकवला असता तर तिथेच तो फाटतो, आणि गळतीही तिथूनच.

किंमत एवढीच की फटींमुळे घडी सैल होते. कागदी मिउरा एकाच हालचालीने बांधलेला असतो. ताडपत्रीचा मिउरा मधेच कुठेतरी वेगळं वळण घेऊन बसतो, मग काठीने ढोसावा लागतो.

२३ नोव्हेंबर, नंदुरबार

दोंडाईचामार्गे एसटीने दीड मीटरचा नमुना घेऊन पथारीवर. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट लावू का विचारलं.

उतरल्यापासून ठसका. इथल्या बायका दिवसभर देठ खुडत बसतात, तोंडाला ओढणी बांधून. आम्ही तिघं शिंकून शिंकून बेजार, त्यांना गंमत वाटत होती.

मामांनी नमुना उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "हाई उघडाले कितला जण लागतीन?" दोन, मी म्हटलं. मग त्यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मिउरा लांबीत ओढला की रुंदीतही वाढतो. कागदावर हे कौतुकाचं आहे, शेंक आणि गेस्ट यांनी २०१३ मध्ये त्याचं गणितही मांडलंय: सपाटीत ताणला तर दोन्हीकडे वाढतो, वाकवला तर खोगिरासारखी पाठ होते. पथारीवर मात्र दोन पट्ट्यांच्या मध्ये पाटी घेऊन चालण्यापुरतीच वाट सोडलेली असते. छपराने रुंदीत वाढायचं कुठे? आणि खांब रोवायचे कुठे? जमीन भाड्याची, खड्डे खणले तर मालक उद्याच उठवेल.

सगळ्यात कामाचं बोलल्या देठ खुडणाऱ्या एक आक्का. त्या मघापासून ऐकत होत्या. "आख्खी पथारी कसाले झाकी ऱ्हायनात? मिरची गोया करीसन तितलीच झाका."

मामा म्हणाले, करतोच तसं. ढग दिसले की फावड्याने मिरची लांबट ढिगात ओढतात आणि त्यावर ताडपत्री. ढिगात एक रात्र निघते, दुसऱ्या दिवशी ऊन मिळालं नाही तर आत गरम होऊन काळी पडते. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? "तू ताडपत्रीचं विचारलं होतं, ढिगाचं कुठे विचारलं?"

२५ नोव्हेंबर

आता झाकायची आहे एक लांबट, बुटकी रास: रुंदी मीटर-सव्वा मीटर, उंची गुडघ्याएवढी. खांब नकोत. दोन कडांवर जमिनीला टेकून उभं राहील असं काहीतरी हवं, म्हणजे कमान. मिउरा सपाट पसरतो, कमान होत नाही. त्याची बदललेली रूपं कमान करतात, पण प्रत्येक ओळीचे कोन वेगळे काढावे लागतात.

योशिमुरा घडी घेतली. ही कोणी कागदावर बसून शोधली नाही. पातळ नळकांडं उभ्या दाबाखाली चेपलं की त्याच्या अंगावर आपोआप समभुज चौकोनांची नक्षी उमटते. योशिमारू योशिमुरा यांनी १९५० च्या दशकात तिचा अभ्यास केला. म्हणजे हा मुळात मोडतोडीचा नमुना. मुद्दाम आधीच घातला की तोच नळकांड्याला पेटीच्या भात्यासारखं मिटवतो.

इथे शिरोबिंदूत सहा रेषा: आडव्या दोन दरीच्या, तिरक्या चार डोंगराच्या. चार वजा दोन, माएकावांचा नियम पाळला गेला. आमचा फायदा असा की कमानीवर दरी आडवी जाते, माथ्यावरून दोन्ही बाजूंना जमिनीकडे. पाण्याला थांबायला जागाच नाही.

सर म्हणाले, सारांशात मिउरा लिहिलाय, बदलून द्या. दिला.

६ डिसेंबर

मापं ठरली. त्रिकोणाचा पाया ९० सेमी, पायाचे दोन्ही कोन २२.५ अंश, म्हणून उंची साधारण १८.६ सेमी. कमानीवर असे चार पाये एकापुढे एक.

पायाचा कोन सगळं ठरवतो. पूर्ण मिटल्यावर शेजारच्या दोन पायांमध्ये त्या कोनाच्या चौपट वळण येतं, म्हणजे ९० अंश. उघडत जाल तसं वळण कमी होतं. शेवटपर्यंत ओढलं तर शून्य, म्हणजे कमान जाऊन सपाट चादर. म्हणून मधे कुठेतरी थांबवायला हवं. आम्ही ५० अंशांवर थांबतो. तिथे प्रत्येक ओळ लांबीत १५.७ सेमी जागा घेते, कमानीचा पाया (जमिनीवरची रुंदी) २.१ मीटर होतो आणि माथा सव्वा मीटरवर जातो. २० ओळींचं छप्पर ३.१ मीटर लांब. राशीभोवती दोन्हीकडे हात घालण्याइतकी जागा उरते, वाफ निघायला दोन्ही टोकं उघडी.

थांबवण्यासाठी दोन प्रकारच्या दोऱ्या. लांबीतली दोरी छप्पर ३.१ च्या पुढे जाऊ देत नाही, आडव्या दोऱ्या पाया २.१ वर धरतात. लांबी आणि रुंदी एकमेकांशी बांधलेल्या असल्यामुळे खरं तर एक दोरी पुरावी, पण ताडपत्रीच्या सैल घडीवर तेवढा विश्वास ठेवायची कोणाचीच तयारी नव्हती.

पाया रुंद होतोच आहे, मग मामांचा जुना आक्षेप? इथे तो लागत नाही. मिटलेली कमान उलट अरुंद असते, आणि ती उघडायची मिरची ढिगात ओढून झाल्यावर. तेव्हा बाजूची जागा मोकळीच असते.

१४ डिसेंबर

कापणं आणि सीलिंग. त्यात सांगण्यासारखं फार नाही, हात मात्र आखडले. पॅनेलं ताडपत्रीच्या खालच्या बाजूला ठेवली, त्यामुळे डोंगरघडीत ती आत येतात. तिथे १२ मिमी फट सोडली. दरीघडीला हिशोबाने फट नकोच, पण सीलिंगची पट्टीच सेंटिमीटरभर, म्हणून ती आपोआप आली. सहा टोकं जिथे मिळतात तिथे प्रत्येक त्रिकोणाचं टोक छाटलं, नाहीतर ती एकमेकांत घुसतात.

वजन दोघांना सहज उचलण्यासारखं. मिटल्यावर प्रत्येक ओळीत काही ठिकाणी दोन पॅनेलं एकमेकांवर येतात, म्हणून २० ओळी गुणिले १० मिमी, गठ्ठा तिथे २० सेमी जाड व्हायला हवा. प्रत्यक्षात वीतभर. कप्प्यांमध्ये अडकलेली हवा आणि सीलिंगच्या कडा बाकीची जागा खातात.

२२ डिसेंबर, नंदुरबार

रिकाम्या जागेवर चाचणी, टँकरच्या पाइपने पाणी. आतली जमीन कोरडी, फक्त टोकांकडून शिंतोडे. तिथे पडद्यासारखा एक-एक तुकडा लावायचा, खालून वीतभर मोकळा. राखणदार आणि मामा यांनी आम्ही काही न सांगता ते उघडलं, मिनिटभरात. मिटताना मात्र मधल्या ओळी उलट्या बाजूला फुगल्या. योशिमुरात अशा मोकळ्या हालचाली मिउरापेक्षा जास्त आहेत. टोकाकडून न ढकलता माथ्यावरच्या दोरीने ओढलं की सरळ मिटतं. दोरी आता कायमची ओवली आहे.

वाऱ्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. समोरून वारा आला तर आत शिरून उचलतो, आडवा आला तर कमान एका अंगाला कलते. खालच्या कडेचे अर्धे त्रिकोण रिकामेच होते. अमळनेरवाल्याने त्यांच्या कप्प्यांत वाळू भरली. शिवाय दर चौथ्या ओळीला खुंटी. खुंटीचं भोक मालकाला चालतं, विचारून घेतलं.

४ जानेवारी

काल रात्री पाऊस झाला, फार नाही. मामांचा सकाळी फोन. एका राशीवर आमचं छप्पर, शेजारच्या राशीवर नेहमीची ताडपत्री, दोन्ही एकाच दिवशी आलेल्या मालाच्या. ताडपत्रीखालचा वरचा थर ओलसर आणि गरम लागला. आमच्या राशीची पूर्वेकडची कड भिजली होती, कारण तिकडचा पडदा बांधायला राखणदार विसरला. बाकी माल हाताला कोरडा. मी मामांना दोन्हीकडची मूठभर मिरची वेगवेगळ्या पिशवीत भरून ठेवायला सांगितलं. कॉलेजच्या ओव्हनमध्ये वाळवून वजनातली घट काढू, 'हाताला कोरडा' असं अहवालात चालणार नाही.

११ जानेवारी, धुळे

ओव्हनचे आकडे मामांच्या हाताशी जुळले. पण एका रात्रीच्या दोन पिशव्यांवर निष्कर्ष लिहू नका, असं सरांनी बजावलंय. बरोबरच आहे.

खर्चाची बेरीज ताडपत्रीच्या कितीतरी पट येते, त्यातला मोठा वाटा सीलिंगच्या मजुरीचा. यावलवालीचं म्हणणं, पायाचा कोन २२.५ वरून १८ वर आणावा; पण मग त्याच पायावर त्रिकोण आणखी चपटे होतील, म्हणजे तेवढ्याच लांबीला ओळी जास्त आणि सीलिंगही जास्त. अमळनेरवाल्याला उलटं हवंय: कोन ३०, ओळी कमी. पण मग मिटल्यावरचं वळण १२० अंश होतं आणि गठ्ठ्याची टोकं एकमेकांवर चढतात. मी त्याच्या बाजूने आहे. गठ्ठा कसाही दिसला तरी तो शेडमध्येच पडणार, मजुरी मात्र प्रत्येक छपराला द्यावी लागणार.

सनपॅक उन्हात किती टिकतो हे एका हंगामात कळणार नाही, म्हणून दोन कप्पे वर्कशॉपच्या गच्चीवर टाकून ठेवले. ते मे महिन्यातल्या धुळ्याच्या उन्हानंतर वाकवून बघायचे.

३० अंशांचा कागदी नमुना सोमवारपर्यंत. मामांनी पुढच्या छपराला लांबी पाच मीटर मागितली आहे, आणि पडद्याची गाठ राखणदाराला अंधारात मारता येईल अशी.